रांगेचा नकाशा

१

त्रेसष्ट.

मोजणीबाईंनी बोट ओलं केलं आणि फाईल पुन्हा पहिल्या पानापासून मोजली. त्रेसष्टच. काल संध्याकाळी त्यांनीच मोजून दोरा बांधला होता, तेव्हा चौसष्ट होती. सोळावं पान होतं, अठरावं होतं. मधलं सतरावं गायब.

"वकीलसाहेब," त्या म्हणाल्या, "पान चोरीला गेलं."

वकीलसाहेब खिडकीपाशी चष्मा पुसत होते. हा माणूस बाहेरून आलेला. युद्धाच्या कायद्यात त्याचे केस पिकलेले. सहा महिन्यांचा वेढा उठल्यावर आयोग नेमला गेला आणि ते त्याचे प्रमुख झाले. मोजणीबाई इथल्याच. तीस वर्षं भूमापन खात्यात साखळ्या ओढून निवृत्त झालेल्या. चौकात कोण कुठे पडलं याचा नकाशा काढायला आयोगाला माणूस हवा होता, आणि असलं काम मागून घेणारं दुसरं कोणी नव्हतं.

चौकात त्रेपन्न माणसं मेली होती. कशाने, तर एका मेसेजने. सकाळी लोकांच्या फोनवर आला: 'आज अकरा ते एक गोळीबार बंद. दोन्ही बाजूंना मान्य. चौकात पाण्याचे टँकर येतील. भांडी घेऊन या. पाणी विभाग.' लोक भांडी घेऊन आले. टँकर आला नाही. सव्वाअकराला तोफेचे गोळे आले.

"सतरावं म्हणजे मोबाईल कंपनीची यादी," वकीलसाहेबांचा चेहरा उतरला. "कुठल्या भागाला मेसेज किती वाजता गेला, त्याची. कंपनीचं ऑफिस जळलंय. दुसरी प्रत नाही. आणि नीट वाचायचं आपण दोघांनीही आजसाठी ठेवलं होतं."

"आणि लोकांच्या फोनमधले मेसेज?"

"ते पुसले गेले. दुसऱ्याच दिवशी हुकूम निघाला होता ना, शत्रूचा मेसेज फोनमध्ये ठेवणं गुन्हा म्हणून. नाक्यानाक्यावर फोन तपासत होते."

बाईंना तो हुकूम चांगला आठवत होता. त्यांच्याही फोनवर शिपायाने अंगठा फिरवला होता.

"अहवाल चार वाजता जायचाय," वकीलसाहेब म्हणाले. "सूचना पाठवायला पाणी विभागात प्रत्येकाला कोड असतो; मेसेज चावीवाल्याच्या कोडवरून गेला, एवढंच आता हातात उरलं. पान असतं तर निदान त्याला विचारता आलं असतं."

चावीवाला म्हणजे पाणी विभागातला, रस्त्यावरचे व्हॉल्व्ह फिरवून भागाभागात पाणी सोडणारा माणूस. त्याने पैशासाठी शत्रूला गाव विकलं असं गाव म्हणत होतं. महिनाभर तो कोठडीत होता. आयोगाने नाव लिहिलं की लष्करी कोर्ट त्याला उचलणार, आणि फितुरीला तिथे एकच शिक्षा होती.

"काल संध्याकाळी तुम्ही या खोलीत मोठ्याने काय म्हणालात, आठवतं का?" बाईंनी विचारलं.

"उद्या हे पान घेऊन कोठडीत जाऊ आणि मेसेज आधी कुठल्या भागाला पाठवला, मग कुठल्या, ते त्याला ओळीने सांगायला लावू, असं."

"कुणाच्या देखत?"

वकीलसाहेबांनी चष्मा लावला. "पाणी खात्याचे इंजिनिअर होते. माहिती अधिकारी होते. आणि चावीवाल्याची बायको फरशी पुसत होती."

२

संशय घ्यायला कुणाचीच वाट पाहावी लागली नाही. माहिती अधिकारी दहाच्या ठोक्याला पुन्हा आले, बातमी ऐकली आणि खुर्चीत बसायच्या आधीच बोलले, "त्यात काय कोडं आहे? नवरा आत, बायकोच्या हातात खोलीची चावी. चोराच्या घरात चोराचंच भांडं सापडणार."

हा गृहस्थ वेढ्याच्या काळात रोज रेडिओवर बोलायचा. आवाज असा की ऐकणाऱ्याला वाटावं, आपल्या घरचंच कुणीतरी समजावतंय.

"ती सातला येते," मोजणीबाई म्हणाल्या. "साडेसातला इंजिनिअर येऊन बसले होते, सही करायला. आठला तुम्ही पत्रं ठेवायला आलात. साडेआठला वकीलसाहेब. प्रत्येक जण खोलीत एकटा होता."

"म्हणजे माझ्यावरही संशय?" अधिकारी हसले.

"माझ्यावरही आहे," वकीलसाहेब कोरडेपणाने म्हणाले. "बाई कुणाला सोडत नाहीत."

बाई उठून बाहेर आल्या. जिन्याच्या खालच्या पायरीवर चावीवाल्याची बायको फडकं पिळत बसली होती. हात थांबत नव्हते.

"तू घेतलंस का ग पान?"

"ताई, मला वाचता येतं. पण त्या फाईलला मी हात लावत नाही. हात लावला तर म्हणतील हिने खाडाखोड केली." तिने फडकं आपटलं. "त्या मेल्या पानात काय होतं, ते तरी सांगा."

"मेसेज आधी कुठे गेला आणि मग कुठे, ते."

"मग त्यांनी पाठवला असता तर आधी बाजाराला गेला असता." ती इतक्या सहज बोलली की बाई थबकल्या.

"का?"

"का म्हणजे? वेढ्यात पंप अर्धा चालायचा. टेकडीवर पाणी चढायचंच नाही. म्हणून हे आधी बाजार सोडायचे, मग गिरणीभाग, आणि दाब उरला तर टेकडी. सहा महिने. टेकडीवाल्यांच्या शिव्या मीच खाल्ल्यात ना, येता-जाता. यांचं डोकंच तसं झालंय. घरात ताटं वाढली तरी खालून वर वाढतात."

बाईंना हसू आलं नाही.

"हे कुठे लिहिलेलं आहे का?"

"लिहायला कागद कुठे होता तेव्हा? इंजिनिअरसाहेब म्हणाले, कर असं. यांनी केलं. ज्याच्या घरी नळ आहे त्याला सगळ्याला माहीत."

मोजणीबाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला नाही. तेवढा वेळही नव्हता. त्या पायऱ्या चढू लागल्या. ज्या पानाने नवरा सुटला असता ते ही कशाला चोरेल? पण पान तर नाहीच. आणि पानाशिवाय मेसेज आधी कुठे गेला हे सांगणार कोण?

वरच्या पायरीवर त्यांचा पाय अडखळला. सांगणारं त्यांच्याच पिशवीत गुंडाळून ठेवलं होतं.

३

नकाशा टेबलभर पसरला. चौक, धान्यबाजाराची लांब इमारत, कारंजं, आणि कारंज्यापासून वाकडी होत गेलेली रांग. रांगेत बारीक बारीक एकशे बारा गोल.

"हे मृतदेह का?" वकीलसाहेबांनी विचारलं.

"भांडी. माणसं पळाली, पडली, उचलून नेली गेली. भांडी जिथल्या तिथे राहिली होती. कॅन, बादल्या, पातेली. एकेकाचा मालक मी शोधून काढला. जो गेला त्याच्या घरच्यांना विचारलं." त्यांनी पेन्सिल कारंज्यापाशी टेकवली. "टँकर इथे लागणार होता. म्हणजे हे रांगेचं तोंड. पहिली एकतीस भांडी कुणाची?"

"कुणाची?"

"टेकडीवाल्यांची. सगळी. मधली गिरणीभागातली. आणि हे शेपूट बाजाराचं."

वकीलसाहेब वाकले. "पण बाजार तर चौकाला लागूनच आहे."

"दारातून उतरलं की चौक. टेकडीहून चालत यायला पाऊण तास लागतो, रिकाम्या हाताने. भांडी घेऊन आणखी थोडा. तरी टेकडी पुढे आणि बाजार मागे. टॉवर मोडका होता, मेसेज एका भागाला सगळे गेले की मग दुसऱ्याला जायचे. आधी कुठला भाग, ते पाठवणारा ठरवायचा. टेकडीला तो बाजाराच्या पाऊण तास आधी तरी मिळालाच असला पाहिजे."

"किंवा बाजारातले लोक आळशी. जवळ राहणारा नेहमी उशिरा येतो."

"तुम्हाला वाटतं मला हे सुचलं नसेल?" बाईंनी वही उघडली. "बाजारातली शिलाईवाली. तिचा जबाब: खिडकीतून बघत होते, टेकडीची माणसं भांडी घेऊन का उभी आहेत कळेना. मग मेसेज आला, तशी पळत उतरले. असे तीन जबाब आहेत."

वकीलसाहेबांनी रांगेवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "ज्याने पाठवला त्याच्या डोक्यात टेकडी पहिली होती."

"आणि चावीवाल्याच्या डोक्यात टेकडी शेवटची. वेढ्यात तो पाणी खालून वर सोडायचा; टेकडी पहिली, ते वेढ्याआधी."

"शत्रूने पाठवला असेल. जुनं वेळापत्रक त्यांच्या हाती लागलं असेल."

"मग शत्रू आज सकाळी या खोलीत येऊन पान घेऊन गेला का?"

वकीलसाहेबांनी खुर्ची ओढली आणि त्यात बसले. बाईंनी विचारलं, "मला एक सांगा. तुमच्या कायद्यात खोटं बोलायला परवानगी आहे म्हणे."

"युद्धात शत्रूच्या सैन्याला हूल देता येते. लाकडी तोफा उभ्या करा, खोटी छावणी दाखवा, रेडिओवर वाटेल ते फेका. त्याला कायदा अडवत नाही."

"आणि भांडी घेऊन आलेल्या माणसांना?"

"तिथे गोष्ट थापेची राहत नाही. थाप कशासाठी मारली, ते विचारायचं. मारायला गोळा केलं असेल तर तो हल्लाच. आणखीही एक नियम आहे…" ते थांबले. "धान्यबाजारात काय होतं, बाई?"

"धान्य नव्हतं एवढं नक्की. महिनाभर रोज ट्रक आत जायचे. आम्हाला तिकडे मोजायला सोडलं नाही."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. बाईंनी पेन्सिल धान्यबाजाराच्या इमारतीवर टेकवली. महिनाभर त्या शत्रूला शिव्या देत भांडी मोजत होत्या.

४

माहिती खात्याचं ऑफिस रस्त्यापलीकडे होतं. गच्चीवर स्वतःची पाण्याची टाकी, दाराशी स्वतःचा टँकर. आत अधिकाऱ्यांच्या टेबलामागे गावाचा मोठा नकाशा, शेजारी काचेत बसवलेलं पाण्याचं वेळापत्रक, दोन फुलदाण्या. बाईंनी समोरची खुर्ची घेतली.

"एक गाळलेली जागा भरायचीय. तुमच्या घरी पाणी किती वाजता येतं?"

"मी इथेच राहतो, वरच्या मजल्यावर. आपली टाकी आहे."

"वेढ्यातही?"

"वेढ्यातही. ऑफिस चालू राहायला हवं होतं ना, बाई."

"बरोबर आहे. मग वेढ्यात गावात आधी पाणी कुठे यायचं? लोक वेगवेगळं सांगतात."

"लोकांचं काय घेऊन बसलात." त्यांनी मागे न बघता अंगठ्याने काच दाखवली. "टेकडी, गिरणीभाग, बाजार. बारा वर्षं हेच आहे. लिहिलेलं आहे तिथे."

"लिहिलेलं आहे खरं," बाई म्हणाल्या आणि उठल्या.

दारात त्यांना इंजिनिअर भेटले. अंगावर तोच सदरा, तीन दिवसांचा. या माणसाची बायको चौकात गोळ्यांत गेली होती. नकाशावरचं सत्तावन्न नंबरचं पातेलं तिचं. बाईंनी त्याला भिंतीशी घेतलं.

"वेढ्यात आधी पाणी कुठे सोडायचे?"

"बाजाराला. मीच सांगितलं होतं."

"मग काल सतरावं पान तुमच्या हातात होतं, तेव्हा क्रम उलटा आहे हे दिसलं नाही तुम्हाला?"

इंजिनिअर रस्त्याकडे बघू लागले. बाईंनी वाट पाहिली. रस्त्यावरून दोन गाड्या गेल्या.

"दिसलं," ते म्हणाले.

"मग तोंडात मिठाची गुळणी का धरली होती?"

त्यांनी भिंतीला डोकं टेकवलं आणि डोळे मिटले. "तुम्ही मला पकडा, बाई. पान मी घेतलेलं नाही. पण तुम्ही मलाच पकडा."

५

साडेतीनला सगळे आयोगाच्या खोलीत होते. वकीलसाहेब टेबलाशी, माहिती अधिकारी घड्याळ बघत, इंजिनिअर दाराजवळच्या स्टुलावर. चावीवाल्याच्या बायकोला बाईंनी खुर्ची दिली. अधिकाऱ्यांनी भुवया उंचावल्या तेव्हा त्या म्हणाल्या, "नवरा तिचा फासावर जाणार आहे. तिला बसायचा अधिकार आहे."

मग त्यांनी नकाशावर सगळं पुन्हा दाखवलं. भांडी, चालायचा वेळ, शिलाईवालीचा जबाब.

"आता माणसं मोजू. चावीवाला कोठडीत, पान त्याने नेलं नाही. त्याच्या बायकोला खरा क्रम ठाऊक. ज्याने नवरा सुटेल ते ती कशाला पळवेल? वकीलसाहेब वेढ्यात इथे नव्हतेच, आणि पान ताडून बघायचं हे त्यांनीच सुचवलं. इंजिनिअरनी पाण्याचा क्रम स्वतः बदलला. आधी टेकडी हे त्यांच्या हातून लिहिलं जाणार नाही. उरला तो माणूस, ज्याला गावात पाणी कसं येतं हे सहा महिने कळलंच नाही, कारण तो नळाखाली कधी उभाच राहिला नाही. त्याने भिंतीवरचा कागद बघून गाव बोलावलं, आणि काल पान चावीवाल्यापुढे नेणार हे ऐकल्यावर, त्यातून नेमकं काय निघेल हे न कळताही, ते पळवलं."

अधिकारी हसले. "एका वेळापत्रकावरून? बाई, मेसेज चावीवाल्याच्या कोडवरून गेलाय. तो कोड माझ्याकडे कुठून येणार?"

"माझ्याकडून," स्टुलावरून आवाज आला.

इंजिनिअर उठले नाहीत. जमिनीकडे बघूनच बोलले. "आदल्या दिवशी तुम्ही आलात. म्हणालात, लोकांसाठी एक सूचना टाकायचीय, एखादा कोड द्या. मी रजिस्टर उघडून पहिला दिसला तो दिला. काय सूचना, विचारलं नाही. सकाळी मेसेज आला. आमचा एकही टँकर चालू नव्हता, हे माझ्याइतकं कुणाला माहीत? पण वाटलं, बाहेरून आणले असतील. बायको म्हणाली, जाऊ का? मी म्हणालो, जा, मोठं पातेलं ने."

मोजणीबाईंनी नकाशावरचं सत्तावन्न नंबरचं पातेलं बोटाने झाकलं.

"महिनाभर त्या माणसाला कोठडीत कुजू दिलंत," बाई म्हणाल्या.

"बोललो असतो तर तिला मारणारा मी ठरलो असतो."

"आता कोण ठरलात?"

इंजिनिअरनी स्टूल भिंतीकडे सरकवलं. अधिकाऱ्यांनी मात्र घड्याळ खाली ठेवलं. तो रेडिओवरचा आवाज त्यांना पुन्हा सापडला.

"ठीक आहे. मग सगळं ऐका. धान्यबाजारात दारूगोळा होता. त्यांना सुगावा लागला होता, त्या दिवशी ते बाजार उडवणार होते. तो उडाला असता तर अर्धं गाव गेलं असतं. समोर पाण्याच्या रांगेत साधी माणसं दिसली तर ते थांबतील असा माझा हिशेब होता. जगात कुणीही थांबलं असतं. ते थांबले नाहीत. माणसं त्यांनी मारली. मी नाही."

"तुम्ही तिथे उभे होतात का?" चावीवाल्याच्या बायकोने विचारलं. या खोलीत ती पहिल्यांदाच बोलत होती. "माणसंच दाखवायची होती तर तुम्ही का नाही उभे राहिलात बादली घेऊन? तुमच्या ऑफिसातले चाळीस जण होते. नाही, आम्हीच बऱ्या दिसतो का रांगेत?"

अधिकारी वकीलसाहेबांकडे वळले. "तुम्ही शहाणे आहात. हे अहवालात गेलं तर समोरच्यांचे वकील नाचतील. म्हणतील, बघा, यांनीच माणसं उभी केली. त्रेपन्न खुनांतून ते सुटतील. एका चावीवाल्यासाठी?"

वकीलसाहेबांनी चष्मा काढला. बाईंनी ते पाहिलं. हा माणूस विचार करत होता. घड्याळात चारला सात मिनिटं होती.

"ते सुटणार नाहीत," वकीलसाहेब सावकाश म्हणाले. "रांग दिसत असताना गोळे टाकले, तो त्यांचा गुन्हा, आणि समोरच्याने नियम मोडला म्हणून तो माफ होत नाही. पण नागरिकांना ढाल करायची नाही, हा नियम स्वतःच्या लोकांनाही लागू आहे. तुम्ही मेसेजने केलंत म्हणून तो हलका होत नाही. बंदुकीने ढकलून नेलेली माणसं आणि थाप मारून नेलेली माणसं, फरक नाही." ते थोडे थांबले. "पण खरं सांगतो, बाई, हे लिहिल्यावर नाचतील ते. आपली बाजू पातळ होईल."

"नाचू देत," मोजणीबाई म्हणाल्या. आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "मी तीस वर्षं जमिनी मोजल्या. बांध कुणाच्या बाजूने सरकला ते लिहिलं, मालक कोण ते बघून नाही. एकशे बारा भांडी मी हाताने उचललीत, साहेब. एकात लहान मुलाचा बूट होता. त्या भांड्यांवर खोटं लिहायचं असेल तर माझा नकाशा मला परत द्या, मी तो इथेच फाडते. आणि मग तुमचा कायदा कुठल्या कागदावर उभा करायचा तो करा."

वकीलसाहेबांनी पेन उचललं. चावीवाल्याचं नाव होतं त्या ओळीवर त्यांनी आडवी रेघ मारली, शेजारी सही केली आणि वर दुसरं नाव लिहिलं.

"पुढच्या खोलीत थांबा," ते माहिती अधिकाऱ्यांना म्हणाले. "एकटे नाही. दारावरच्या शिपायाला घेऊन."

इंजिनिअर न सांगताच त्यांच्या मागोमाग गेले.

६

चावीवाला पाच वाजता सुटला. दाराबाहेर आला तेव्हा उजेडाने डोळे बारीक केले होते. बायकोने त्याची कॉलर सरळ केली आणि म्हणाली, "वाळलात." तो म्हणाला, "तिथलं पाणीही खारट." एवढंच दोघं बोलली.

घरापर्यंत मोजणीबाई बरोबर होत्या. खिडक्यांना काच नव्हती. दारावर कुणीतरी डांबराने 'फितूर' लिहिलं होतं. बायकोने महिनाभर घासून ते पुसट केलं होतं, पण वाचता येत होतं. समोरच्या गॅलरीतून एक बाई आत गेली आणि दार लावून घेतलं.

"आता सगळ्यांना मेसेज टाका ना," चावीवाला म्हणाला. "मी नव्हतो म्हणून."

मोजणीबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. या गावात आता फोन वाजला की लोक तो पालथा घालून ठेवायचे. सरकारी म्हटलं की आधी पुसायचे. त्या माहिती अधिकाऱ्याने माणसांबरोबर हा भरवसाही मारला होता, आणि त्याचं कलम वकीलसाहेबांच्या कुठल्याही पुस्तकात नव्हतं. बाईंना राग आला. त्यांनी पिशवीत हात घातला आणि नकाशाच्या दुसऱ्या प्रतीची गुंडाळी बाहेर काढली.

"मेसेज नाही," त्या म्हणाल्या. "चला."

"कुठे?"

"समोर."

तिघं रस्ता ओलांडून गेली. मोजणीबाईंनी गॅलरीवालीचं दार वाजवलं. आतून आवाज आला, "कोण?"

"मी मोजणीबाई. तुमच्या भावजयीची बादली मी मोजली होती, निळ्या झाकणाची. भावजयीला कुणी मारलं ते सांगायला आलेय. बरोबर चावीवाला आहे."

आत पावलं दारापर्यंत आली आणि थांबली. कडी सरकली नाही. थोड्या वेळाने पावलं परत गेली.

"जाऊ द्या, ताई," चावीवाला म्हणाला. "बावीसशे घरं आहेत गावात."

"बावीसशे चाळीस," मोजणीबाई म्हणाल्या आणि त्यांनी मूठ वळून दार पुन्हा वाजवलं. जोरात.